बाकीचे कॉल मागे ठेवा

"मॅडम, बाकीच्यांचे कॉल बंद नाही करायचे. फक्त मागे ठेवायचे," नितीन म्हणाला आणि देवरे सरांकडे बघून हसला.

मी चहाचा कप खाली ठेवला. सातपूरच्या आमच्या ऑफिसात तेव्हा एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक एसी होता. एसी माणसांसाठी नव्हता, सर्व्हरसाठी होता. त्यामुळे सगळ्या मीटिंगा सर्व्हरच्या खोलीत व्हायच्या आणि पंख्यांच्या आवाजात सगळ्यांना ओरडून बोलावं लागायचं. नितीन मात्र हळूच बोलत होता. तेवढ्यावरूनच मला शंका आली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. देवरे सर मूळचे सटाण्याचे. नाशकात आले, केबल टीव्हीचा धंदा केला, आणि त्याच खांबांवरून पुढे इंटरनेट द्यायला लागले. मी त्यांच्याकडे नेटवर्क इंजिनीअर होते. कार्डावर तसं छापलं होतं. प्रत्यक्षात गच्चीवर चढून स्विच बदलणं, बिलाची भांडणं मिटवणं आणि "नेट चालत नाही" म्हणणाऱ्या आजोबांना आधी प्लग लावायला सांगणं, हे सगळं माझ्याकडेच होतं. ऑफिसात मला सगळे गांगुर्डे मॅडम म्हणत, खांबावरून खाली उतरत असतानासुद्धा.

नितीन एका कॉलिंग कार्डाच्या कंपनीकडून आला होता. तेव्हा परदेशात फोन करणं महाग होतं. मग लोक सायबर कॅफेत जायचे, एखाद्या कंपनीचं कार्ड घ्यायचे, त्यावरचा नंबर खरवडून कॉम्प्युटरवर टाकायचे आणि हेडफोन लावून दुबईला, कुवेतला बोलायचे. अशा बऱ्याच कंपन्या होत्या. कॉल कुठल्याही कंपनीचा असो, आमच्या एरियात तो आमच्याच लाईनवरून जायचा. नितीनचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या कार्डाचे कॉल आम्ही पुढे घ्यायचे, बाकीच्यांचे मागे ठेवायचे. त्याबद्दल त्यांची कंपनी आम्हाला दरमहा ठरावीक रक्कम देणार.

सरांचे डोळे चमकले. त्यांना मोठी लाईन घ्यायची होती आणि ती परवडत नव्हती.

"यात वाईट काय आहे?" सर मला म्हणाले. "एसटीत नाही का, साधी गाडी वेगळी, निमआराम वेगळी? जास्त पैसे देईल तो आरामात जाईल."

"निमआराम गाडी वेगळी असते सर," मी म्हणाले. "आपली गाडी एकच आहे. त्याला बसवायचं तर दुसऱ्याला उठवावं लागेल."

इथे जरा थांबून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंटरनेटवर काहीही पाठवलं की त्याचे बारीक तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. सगळ्यांची पॅकेटं आमच्या राउटरवर येतात आणि रांगेत उभी राहतात. पिठाच्या गिरणीत डबे लावतात, तसं. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. ईमेलचा डबा थोडा उशिरा निघाला तर कोणाला पत्ताही लागत नाही. बोलण्याचं तसं नाही. "हॅलो"मधला "लो" दोन सेकंदांनी पोचला तर तो फेकूनच द्यावा लागतो. म्हणून रांगेत कोणाला मागे ठेवलं की पहिला मार बसतो तो बोलण्याला.

"नुसतं तुमचं पुढे घेतलं तर?" मी नितीनला विचारलं. "बाकीच्यांना हात लावत नाही."

नितीनने मान हलवली. "मग कोणाला फरकच कळणार नाही मॅडम. दुपारी तर सगळ्यांचेच कॉल नीट लागतात. फरक कळला पाहिजे. तर लोक आमचं कार्ड घेतील."

म्हणजे त्याला आमच्याकडून वेग नको होता. दुसऱ्याची खरखर हवी होती. मी हे सरांना तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं. पंख्यांच्या आवाजात सांगायचं तर मोठ्यानेच सांगावं लागायचं.

सरांनी चहा संपवला. मग म्हणाले, "एक आठवडा ट्रायल घेऊ. त्यात काय बिघडतं?"

"घेऊ. पण रविवारी तुम्ही स्वतः कॅफेत येऊन बसायचं आणि ऐकायचं."

"ऐकू की. नितीनलाही नेऊ. तिथेच कार्डंही खपवू."

मी राउटरवर दोन रांगा केल्या. नितीनच्या कंपनीचे कॉल एका मोकळ्या रांगेत. इतर सगळ्या कंपन्यांचे कॉल एका अरुंद रांगेत. ते टाइप करायला काहीच वेळ लागला नाही. इतकं सोपं असतं ते. ज्याला मागे ठेवलं, त्याला कधीच कळत नाही की आपल्याला मागे ठेवलंय. त्याला वाटतं, आपलं नशीबच खराब.

रविवारी आम्ही तिघे नसीम आपांच्या कॅफेत गेलो. कॅफे म्हणजे कामगार वसाहतीतला एक गाळा. आत प्लायवूडचे कप्पे आणि भिंतीवर "बीस मिनट से पहले उठने पर भी पूरे पैसे" अशी पाटी. आपांचा नवरा कंपनीत कामाला, कॅफे पूर्ण आपांचा. रविवारी तिथे बसायला जागा नसायची. ज्यांची मुलं आखातात, ती सगळी घरं त्या दिवशी फोन करायची.

आम्हाला बघताच आपा म्हणाल्या, "अच्छा हुआ आलात. चार दिवस झाले, सगळे कॉल तुटतायत. लोक माझ्यावर चिडतात. काय केलंय तुम्ही?"

सर म्हणाले, "तेच बघायला आलोय." ते खोटं नव्हतं.

एका कप्प्याशी गर्दी होती. आपांनी हळूच सांगितलं ते असं. मुलगी सुनीता, अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर. मुलगा विलास, कुवेतला एसी मेकॅनिक. फोटो बघून झाले होते, घरं बघून झाली होती. आज मुलाचा शेवटचा शब्द ऐकायचा होता. म्हणून सुनीता, तिचे वडील, दिंडोरीहून आलेली तिची आत्या आणि विलासची आई, सगळे जमले होते. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आपांनी स्पीकर लावून दिला होता. कार्ड मात्र त्यांनी नेहमीचं घेतलं होतं, दुसऱ्या कंपनीचं.

सुनीताचे वडील कॉम्प्युटरच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलत होते. "विलासराव, आम्ही सगळे इथं आहोत. तुमचा विचार काय तो स्पष्ट सांगा."

स्पीकर खरखरला. मग लांबून आवाज आला, "मला हे लग्न..." मग नुसती खरखर. मग, "...का... नको."

आणि कॉल तुटला.

आपांनी शेजारच्या कप्प्यातल्या पोरांना हाताने गप्प केलं. सुनीताचे वडील तसेच वाकलेले राहिले. विलासची आई म्हणाली, "तो असं बोलणार नाही. मागच्या पत्रात वेगळंच होतं."

"आता बोलला की," वडील म्हणाले. "सगळ्यांच्या समोर बोलला." ते खुर्चीवरचा रुमाल उचलून निघालेच.

सुनीता उठली नाही. "बाबा, थांबा," ती म्हणाली. "पुरं वाक्य कुठं ऐकलं आपण? परत लावा. त्यांना नाही म्हणायचं असेल तर मलाच म्हणू देत. मी विचारते."

परत लावला. या वेळी "हॅलो" सुद्धा अर्धं आलं.

आणि नेमका तेव्हा नितीन पुढे झाला. त्याच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता. "काका, टेन्शन घेऊ नका. आमच्या कार्डावरून लावा. आवाज एकदम क्लिअर येईल. गॅरंटी."

आत्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या कार्डावरून चांगला येतो, मग आमच्या कार्डावरून का नाय? गेल्या रविवारी तर लय चांगला आला होता म्हणे."

"आता आमच्या कार्डाला प्रायॉरिटी आहे ना मावशी. म्हणजे पहिला नंबर."

"आन आम्हाला शेवटचा?"

नितीन हसला. त्याने एक कार्ड काढून पुढे धरलं.

"म्हंजे हे तुम्हीच केलं का?" आत्याने विचारलं. आवाज चढवला नाही. नितीनला विचारलं, पण बघत होती ती देवरे सरांकडे, कारण आमच्यात वयाने तेच मोठे दिसत होते.

देवरे सरांसारखा बोलका माणूस मी पाहिला नाही. कलेक्टर ऑफिसात खांबांची परवानगी काढताना ते शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना बोलून जिंकायचे. त्या दिवशी मात्र ते आत्याला समजवायला गेले नाहीत. त्यांनी सुनीताकडे बघितलं. ती हेडफोनच्या वायरीचा पीळ सोडवत बसली होती. मग सर माझ्याकडे वळले. चिडले किंवा गडबडले की त्यांच्या तोंडून घरची अहिराणी यायची.

"हाई काय शे मॅडम," ते म्हणाले, "काढा ते. आत्ताच्या आत्ता."

"सर, आठवड्याचं ठरलं होतं," नितीन म्हणाला.

"कार्डं खिशात ठेव," सर म्हणाले.

मी आपांच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसच्या राउटरला लॉगिन केलं. तेही त्याच लाईनवरून, त्यामुळे अक्षरं एकेक करून उमटत होती. माझ्या मागे आत्या उभी होती. तिला काही कळत नसणार, पण ती वर्गात कॉपी पकडणाऱ्या बाईंसारखी स्क्रीनकडे बघत होती. मी अरुंद रांग काढून टाकली. सगळे कॉल पुन्हा एका रांगेत आले.

"लावा," मी म्हणाले.

या वेळी माइकसमोर सुनीता बसली. घंटी वाजली, विलासने उचलला.

"मी सुनीता बोलतेय. मघाशी काय म्हणालात ते पुन्हा सांगा. इथे अर्धंच ऐकू आलं."

पलीकडून घसा खाकरल्याचासुद्धा आवाज स्वच्छ आला. "मी म्हणालो, मला हे लग्न करायचंय. फक्त देणंघेणं काही नको. आई गाडीचं बोलली असेल तर तेही नको. माझी मी घेईन."

वडील मटकन खुर्चीवर बसले. आत्या हसायला लागली आणि तिने ओळख ना पाळख, आपांचा हात धरला. विलासच्या आईकडे मी पाहिलं. मुलगा हो म्हणाला याचा आनंद तर होता, पण गाडीचं सगळ्या कॅफेने ऐकलं होतं. मघाची खरखरच बरी होती, असं क्षणभर त्यांना वाटलं असावं. मग त्याही हसल्या. "बापावर गेलाय," म्हणाल्या.

सुनीता माइकमध्ये म्हणाली, "बरं. मग मला आणखी दोन गोष्टी विचारायच्यात." आणि तिने आम्हा सगळ्यांना हाताने बाहेर जायची खूण केली. आपांच्या कॅफेत त्या दिवशी एक कॉल किती वेळ चालला ते कोणी मोजलं नाही. आपांनीही नाही, आणि ही आपांच्या बाबतीत मोठी गोष्ट होती.

बाहेर नितीनने सरांना समजवायचा प्रयत्न केला. दुसरे प्रोव्हायडर तयार आहेत म्हणाला, धंद्यात भावना आणू नये म्हणाला. सर म्हणाले, "भावना नाही रे. मी केबल चालवलीय. गिऱ्हाईक आपल्याला शिव्या घालतं, ते चालतं. पण आपण मुद्दाम बिघडवतो हे त्याला एकदा कळलं, की मग खरंच बिघाड झाला तरी ते विश्वास ठेवत नाही." मला तांत्रिक कारणं बरीच माहीत होती. हे कारण मला सुचलं नव्हतं.

ऑफिसात परत आल्यावर मी सरांना एक सांगितलं. रांगेत कोणाला पुढे घेणं हे नेहमीच चूक नसतं. मग आम्ही बोलण्याची पॅकेटं पुढे आणि गाणी-सिनेमाच्या डाउनलोडची मागे असा नियम केला. पण सगळ्या कंपन्यांच्या बोलण्याला एकच न्याय. कॉल कोणाचा आहे, हे राउटरने विचारायचंच नाही. आणि यासाठी कोणाकडून काही घ्यायचं नाही. रात्रभर सिनेमे उतरवणारे थोडे कुरकुरले. त्यांना सकाळपर्यंत वेळ होता.

याने लगेच भलं झालं असं नाही. मोठी लाईन वर्षभर लांबली. तो सगळा उन्हाळा सर हिशेब करताना माझ्याकडे बघून उसासे टाकायचे. नितीन शहरातल्या दुसऱ्या एका प्रोव्हायडरकडे गेला आणि तिथे त्याचं जमलं. हळूहळू तिकडचे दोन-चार कॅफेवाले आमच्याकडे आले. आम्ही फार चांगले होतो म्हणून नाही. तिकडे रविवारी फोन तुटायचे म्हणून. पुढे लाईन आली ती अशा गिऱ्हाइकांच्या जोरावर.

लग्नाला मी आणि सर दोघेही गेलो. आत्याने सरांना आग्रह करकरून वाढलं. सरांनी नवरदेवाला आहेर देताना विचारलं, की कुवेतला परत जाणार तर घरी कनेक्शन घेऊन ठेवा ना. विलास काही बोलायच्या आत सुनीता म्हणाली, "घेऊ. पण तिकडून फोन आला तर तुटणार नाही ना?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढे या विषयावर देशभर मोठ्या चर्चा झाल्या. वेगाचे पैसे घ्यावेत की नाही, यावर अजूनही दोन्ही बाजूंनी हुशार माणसं भांडतात. मला कोणी विचारलं तर मी एकच प्रश्न विचारते. जो वेग विकताय, तो आणला कुठून? नवीन लाईन टाकून आणला असेल, तर खुशाल विका. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वाटणीतून काढला असेल, तर विकायच्या आधी त्याच्या शेजारी बसून एक फोन ऐकून या.