लाल नळी

"हे रेकॉर्ड फेअर करून आणा," मोठे सर म्हणाले आणि माझी वही दोन बोटांनी टेबलावरून सरकवली.

मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे पीएच.डी.चे गाइड. सत्तरचं दशक संपत आलेलं, वर्धा जिल्ह्यातलं कॉलेज. मे महिन्यात ईथरची बाटली उघडली की अर्धं ईथर तिथंच उडायचं. तशात तीन वर्षं मी पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट बनवत होतो. कॅटॅलिस्ट म्हणजे रिअ‍ॅक्शन लवकर घडवून आणणारा आणि स्वतः न संपणारा पदार्थ. माझ्या कॅटॅलिस्टमध्ये पॅलेडियम हा धातू थेट कार्बनला जोडलेला, म्हणून तो ऑरगॅनोमेटॅलिक. त्याचं पिवळं द्रावण सरकीच्या तेलात घालून हायड्रोजन सोडला की तेल घट्ट व्हायचं. आमच्याकडे सरकीला काय तोटा!

वहीतल्या पहिल्या सतरा रिअ‍ॅक्शन फसलेल्या होत्या. सतराही वेळा पिवळं द्रावण काळं पडलं. मग कारण सापडलं: हायड्रोजनची लाल रबरी नळी. रबरात गंधक असतं आणि गंधक म्हणजे पॅलेडियमला विष. काचेची नळी जोडली आणि काम झालं. माझं खरं संशोधन त्या सतरा पानांतच होतं.

"सर, फसलेलं गाळलं तर काचेची नळी का लावली हे कसं कळणार?"

"बी.एस्सी.ची पोरंसुद्धा जर्नल फेअर करतात. बिघडलेलं कोणी परीक्षकाला दाखवतं का?"

मी मुकाट्यानं फेअर केलं. त्याचा आजही स्वतःवर राग येतो. त्यावर सरांची सही घेऊन प्रयोगशाळेत परतलो तर मोठ्या सरांनी रफ वही जाळायला लावलेली! म्हणे, एका कामाची दोन रेकॉर्डं नकोत. तीन वर्षांची वही, आणि मला विचारलंसुद्धा नाही!

परीक्षक बाहेरगावचे. प्रयोगशाळा बघायला स्वतः आले. फेअर रेकॉर्ड चाळून त्यांनी बंद केलं.

"एकही रिअ‍ॅक्शन फसली नाही? कुठं खोडाखोड नाही? प्रयोग केलेत की नुसते लिहिलेत?"

म्हणजे मी खोटारडा! मी मोठ्या सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, रिअ‍ॅक्शन फसवून दाखवू का?" मी परीक्षकांना म्हणालो.

"दाखवा."

बोलून तर बसलो, पण लाल नळी कुठं होती? ती मी कधीच फेकायला दिली होती. तेवढ्यात आमचे लॅब अटेंडंट महादेवराव पुढं आले.

"सर, ते नळी मी नाई फेकली. सायकलच्या कॅरिअरले डबा बांधाले ठेवली." ते जाऊन नळी सोडून घेऊन आले. हातात देताना हळूच म्हणाले, "वही मात्र माह्याच हातानं जाळली, सर. मले का मालूम, त्यात एवढं होतं?"

दोन फ्लास्क लावले, दोन्हींत तेच पिवळं द्रावण. एकाला काचेची नळी, दुसऱ्याला महादेवरावांची लाल, आणि दोन्हींत हायड्रोजन सोडला. काचेवालं पिवळंच राहिलं. तासाभरात लालवालं काळंकुट्ट झालं.

परीक्षकांनी चष्मा काढला. "अहो, काम तर हेच आहे! हे थीसिसमध्ये का नाही?"

मी तोंड उघडणार, तोच मोठे सर म्हणाले, "मी यांना नेहमी सांगत असतो, फसलेलंही लिहीत जा."

काय म्हणावं या माणसाला!

थीसिस दुरुस्तीसाठी परत आला. सतरा रिअ‍ॅक्शन पुन्हा फसवण्यात सहा महिने गेले. डिग्री मिळाली. आभारात मोठ्या सरांचं नाव पहिलं घालावं लागलं, तशी रीतच होती. दुसरं महादेवरावांचं घातलं.

लाल नळी मी त्यांना परत दिली नाही. डब्यासाठी नवी आणून दिली. पुढं मीही शिकवू लागलो, आणि निवृत्त होईपर्यंत ती जुनी नळी माझ्या खणात होती. विद्यार्थी चकाचक रेकॉर्ड घेऊन आला की मी ती टेबलावर ठेवायचो आणि विचारायचो, "फसलेलं कुठं आहे?"