पहिल्या नंबरचा बांध

माझ्या सासूबाई चंद्राबाई फार भांडकुदळ होत्या, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांचं कौतुकच करायचं आहे, तेव्हा सुनेने सासूला देवी करून ठेवली असं कुणी म्हणायला नको. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. कासार आंबोलीतल्या निम्म्या घरांशी आत्याबाईंचं वाकडं होतं. त्यांचं माहेर लहानपणीच मुळशीच्या मोठ्या धरणाच्या पाण्यात गेलेलं, त्यामुळे रुसून माहेरी जायची सोय नव्हती. सगळा राग सासरीच खर्च व्हायचा.

एका गोष्टीपुढे मात्र त्या मऊ होत. तो त्यांचा बांध. गावाच्या वरच्या अंगाला, आमच्याच जमिनीतल्या ओढ्यावर मातीचं एक लहानसं धरण होतं. सरकारचं नव्हे, आमच्या घरचं. मामंजींनी ते बांधायला काढलं आणि निम्मं झाल्यावर ते तापाने गेले. भाऊबंद म्हणाले, आता राहू द्या, बाईमाणसाचं काम नव्हे. आत्याबाईंनी पदर खोचला आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत बांध पुरा केला. मातीकामाला मामंजींनी डोंगरातले कातकरी आणले होते. कान्हू आणि त्याची बायको फुलाबाई त्यांतलीच. त्या सगळ्यांनी पाट्या वाहिल्या, चिकणमाती पायांनी तुडवून बसवली आणि काम संपल्यावर ती बांधाच्या पायथ्याशी, आमच्याच पडीक तुकड्यावर खोपटी घालून राहिली. हळूहळू तिथे वाडीच झाली.

रोज सकाळी आत्याबाई बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. घुशीचं बीळ दिसलं तर घुशीच्या खानदानाचा उद्धार व्हायचा, आणि कुणाची म्हैस वर चढलेली दिसली तर म्हशीच्या मालकाच्या खानदानाचा. मग बीळ स्वतःच्या हाताने बुजवून, वर चार लाथा घालून त्या घरी येत. तोवर आमच्याकडे चहा होत नसे.

एकसष्ट सालच्या जुलैत पानशेत फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. त्यानंतर सगळ्यांनाच पाण्याची धडकी भरली. कचेरीतली माणसं लहानसहान खासगी बांधसुद्धा तपासत हिंडू लागली. दिवाळी झाल्यावर आमच्याकडे एक ओव्हरसियर आले. दिवसभर टेप घेऊन फिरले, खालच्या वाडीत जाऊन आले आणि निघताना, बांधातून पाणी सोडायच्या मोरीच्या दगडावर लाल रंगाने ठळक ‘१’ काढला.

“तुमचं धरण पहिल्या वर्गात आलं बरं का, बाई,” ते सायकलवर बसता बसता म्हणाले. “पुढे काय करायचं ते पौडच्या कचेरीतून कळेल. पावसाळ्याच्या आधी मी येऊन जाईन.”

पहिला वर्ग! आत्याबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. गावभर शिरा वाटला. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांच्या घरीसुद्धा वाटी गेली, कारण बातमी त्यांनाच आधी कळायला हवी होती. आत्याबाई विधवा, म्हणून मला हाताला धरून बांधावर नेलं आणि त्या लाल आकड्याला हळदकुंकू लावायला लावलं.

“बघ जया, साळंत पाय न टाकता पयला नंबर आला,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर तुजा नवरा. सातवीला दोनदा बसला.”

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण घोटावड्याला माझे चुलत सासरे हैबतराव राहत. त्यांचाही असाच एक बांध होता आणि त्याच्यावर ‘३’ काढला गेला होता. आत्याबाई मुद्दाम बैलगाडी जुंपून घोटावड्याला गेल्या आणि दिराला म्हणाल्या, “भावजी, वाईट वाटून घिऊ नगा. फुडच्या खेपंला नीट अभ्यास करा.”

हैबतरावांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दुसऱ्याच दिवशी ते पौडच्या कचेरीत तक्रार करायला गेले. तिथून थेट आमच्या ओसरीवर आले ते हसतच. हसू आवरेना म्हणून त्यांना पाणी द्यावं लागलं.

“वहिनी, तो नंबर हुशारीचा न्हाई,” ते म्हणाले. “बांध फुटला तर खाली किती मानसं मरत्याल, त्याचा हाय! माज्या बांधाखाली नुसत्या करवंदीच्या जाळ्या, म्हनून तिसरा. तुमच्या बांधाखाली वाडी, म्हनून पयला. पयला म्हंजी समद्यात धोक्याचा.”

“माजा बांध फुटंल व्हय?” आत्याबाई कडाडल्या.

“फुटंल असं कोन म्हनतंय? बांध लोखंडाचा असला तरी नंबर त्योच. खाली मानूस हाय ना!”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचंही हसू गेलं. पहिल्या वर्गाच्या बांधाला सांडवा दुप्पट रुंद हवा, नाहीतर पावसाळ्याच्या आत बांध फोडून रिकामा करायचा, असा हुकूम होता. सांडवा म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाजूने निघून जायची वाट. ती रुंद करायची तर शेजारचं आंबेमोहर भाताचं खाचर खणून काढावं लागणार होतं. आमच्या घरची सगळ्यात चांगली जमीन ती.

“दुसरी वाट हाय,” हैबतराव म्हणाले. “वाडी उठवा. जागा तुमचीच हाय. खाली मानूस न्हाई म्हनल्यावर नंबर आपसूक तिसरा. खाचर ऱ्हातंय, बांधबी ऱ्हातोय. साहेबच म्हनले तसं.”

माझ्या नवऱ्याने मान डोलावली.  कौतुक केलं ते धोक्याचं, शिरा वाटला तो धोक्याचा, हे आत्याबाईंना फार लागलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या बांधावर न जाता तडक वाडीकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. त्यांचं तोंड सुटलं तर आवरायला कुणीतरी हवं होतं.

फुलाबाई अंगणात बसून बांबूच्या कामट्या काढत होती. कान्हू दाराशी उभा होता. आत्याबाई अंगणात गेल्या आणि बोलण्याआधी सहज मागे वळल्या. इतक्या वर्षांत त्या बांधावरून हजारदा फिरल्या असतील, पण पायथ्याशी उभं राहून वर कधी बघितलं नव्हतं. तिथून पाणी दिसतच नव्हतं. नुसती मातीची भिंत आणि तिच्यावर आभाळ. 

आत्याबाई म्हणाल्या, “फुले, हितं भ्या वाटत न्हाई व्हय गं तुला?”

“पावसाचं वाटतं की, बाय,” फुलाबाई म्हणाली. “पन सकाळी तुमी वर दिसताया, हिकडनं तिकडं जाताना. तुमी दिसला की बांध हाय. मंग आमी चूल पेटवितो.”

मग तिने विचारलं, “आज कुटं ऱ्हायला व्हता? आजून कुनी चूल पेटवली न्हाई.”

मी वाडीकडे नजर टाकली. एकाही खोपटावर धूर नव्हता. दाराशी माणसं उभी होती आणि बांधाकडे बघत होती.

 आत्याबाईंनी कासोटा घट्ट केला आणि पायवाट सोडून सरळ उतारावरून, गवताला धरत, वर चढल्या. मग रोजच्यासारख्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. त्या निम्म्यात असतानाच खाली पहिला धूर निघाला. मला रडू फुटलं, आणि का ते कान्हूला कळेना.

घरी, रात्री मुक्कामाला राहिलेले हैबतराव निघायच्या तयारीत होते. आत्याबाई उंबऱ्यातच म्हणाल्या, “भावजी, मला ल्हानपनी उठीवलंय. भांडी गाडीत घातली, चूल तशीच ऱ्हायली. म्या कुनाला उठीवनार न्हाई. खाचर खना.”

खाचर खणलं. आम्ही घरचे आणि वाडीतली सगळी मिळून फाल्गुनापासून खपलो. वीतभर काळी माती निघाली की खाली खडक लागायचा, आणि आत्याबाई खडकाशीही भांडायच्या. पहिली पाटी उचलली तेव्हा मात्र ती माती मुठीत घेऊन त्या सगळ्यांदेखत रडल्या. डोळे पुसले आणि कान्हूवर ओरडल्या, “बघत काय ऱ्हायलास? मार की टिकाव!”

वैशाखात सांडवा पुरा झाला. तेव्हा त्यांनी नवीनच खूळ काढलं. फुलाबाईच्या शेजारी स्वतःला खोपट घालून घेतलं. पावसाळाभर तिथे राहणार म्हणाल्या. माझा नवरा संतापला. मीही कडाकडा भांडले. लोक म्हणणार, सुनेनं म्हातारीला घराबाहेर काढलं.

“म्हनू देत,” आत्याबाई म्हणाल्या. “तुला काय धाड भरलीया? सकाळी बांधावर फिरीन, मंग खाली बसून ऱ्हाईन. म्या खाली हाय म्हनल्यावर त्येंला रोज वर बघाया नगो.”

शेवटपर्यंत त्यांचे सगळे पावसाळे तिथेच गेले.

मृग लागायच्या आत ओव्हरसियर आले. सांडवा बघून खूश झाले. “छान काम झालंय, बाई. आता बांध फोडायचं कारण नाही. मात्र वर्ग पहिलाच राहणार. खाली वस्ती आहे ना.”

“ऱ्हाऊ द्या,” आत्याबाई म्हणाल्या.

ते खालची घरं पुन्हा मोजायला लागले. शेवटच्या खोपटाशी थबकले. “हे मागे नव्हतं. कुणाचं?”

“माजं.”

“तुमचं? मालकीणबाई, तुम्ही इथे राहणार?”

“नंबर मानसांवरनं हाय ना?” आत्याबाई म्हणाल्या. “मंग मलाबी मोजा.”

ओव्हरसियरांनी त्यांनाही मोजलं. मग वर जाऊन त्यांनी रंगाचा डबा उघडला आणि उन्हाने विटलेला ‘१’ पुन्हा ठळक केला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी गेले आणि हळदकुंकू घेऊन आले.