गोळी घेतली म्हणजे आप्पा जिंकले

वीगन माणसाकडं व्हिटॅमिन कमी असतील, किस्से कधीच कमी नसतात! चार जण फक्त एवढंच ठरवतात की आजपासून दूध, दही, तूप, मध, अंडी, मटण सगळं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं शहर त्यांचा डॉक्टर झालेलं असतं. रिक्षावाला, शेजारीण, ऑफिसातला शिपाई, जो भेटेल तो एक भीती हातावर ठेवून जातो. भीती साठत जातात, त्यांचे किस्से होतात, आणि आता तर कुठला किस्सा कुणी सांगायचा यावरून आमच्यात भांडणं लागतात.

आम्ही चौघं. मी शीतल. समीना छावणी भागात राहते, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. केतन बिस्किटाच्या पुड्याची आधी मागची बाजू वाचतो, मग पुढची. आणि भानुदास करमाडचा, शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्याच्या घरी मेंढरं, दोन म्हशी, आणि वडील, म्हणजे आप्पा, अजून रोज रानात जाणारे. दर रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यात केतनच्या गच्चीवर आमची बैठक असते.

माझं मत पहिल्या दिवसापासून एकच. डाळी, तीळ, शेवगा, शेंगदाणे यांतून पुष्कळ काही मिळतं, पण बी-ट्वेल्व्ह मिळत नाही. ते गोळीतून घ्यायचं. विषय संपला! जनावरांवर दया करायची म्हणून स्वतःच्या नसा जाळायची काही गरज नाही. पण माझं ऐकतंय कोण?

*

समीनाच्या अम्मींना 'ट्वेल्व्ह' म्हणायला आवडत नाही. त्या 'बी-बारा' म्हणतात. जणू कुणी गल्लीतला गुंड आहे आणि तो त्यांच्या पोरीच्या मागं लागलाय!

समीनानं जांभई दिली की, "देख, बी-बारा कम हुआ." कंगव्यात दोन केस दिसले की, "गया बी-बारा." ती बॉसवर चिडून घरी आली की, "गुस्सा किसलिए आता? बी-बारा!"

एक दिवस समीनाची स्कूटर पंक्चर झाली. उन्हातून ढकलत ढकलत घरापर्यंत आणली बिचारीनं. अम्मी दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या.

"क्या हुआ?"

"अम्मी, टायर में खीला घुसा."

"दूध पीती तो खीला दिखता था ना तेरेकू!"

हसून हसून आमची पोटं दुखली. पण खरं सांगू? त्या दिवसापासून चारचौघांत जांभई आली की मीही पटकन तोंड फिरवते.

*

भानुदासनं दूध आमच्या सगळ्यांच्या आधी सोडलं, पार कॉलेजात असताना. तेव्हा घरात मोठं भांडण झालं होतं. आप्पा म्हणाले होते, "बघतोच किती दिस उभा राहतोस ते." आणि हा म्हणाला होता, "बघाच. मला बाहेरचं कायबी लागणार नाय."

मी सगळ्यांसाठी बी-ट्वेल्व्हच्या बाटल्या आणल्या, तेव्हा त्यानं त्याची बाटली माझ्या पिशवीत परत ठेवली.

"राग नको मानू शीतल. गोळी घेतली म्हणजे आप्पा जिंकले."

"अरे, ही मॅच आहे का?"

"तुला आमचे आप्पा माहीत नायत."

त्यावर केतननं जाहीर केलं की बी-ट्वेल्व्ह राहू दे, व्हिटॅमिन डी तरी सगळ्यांनी घ्या. त्यानं खिशातून स्ट्रिप काढली आणि सवयीप्रमाणं मागची बाजू वाचायला लागला. मग फोनवर काहीतरी शोधलं. मग त्याचा चेहरा उतरला.

"हे... मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात."

मग भानुदास असा हसला की त्याला ठसका लागला.

"म्हणजे बघा! मी मेंढरं सोडून शहरात आलो, अन् मेंढरं गोळीत बसून माझ्या मागं आली!"

*

गोळी गेली, मग राहिलं ऊन. ते आपल्याकडं फुकट आहे आणि ढिगानं आहे. केतननं ठरवलं, एप्रिलात, भर दुपारी, बाह्या वर करून गच्चीवर पडायचं. मी म्हटलं, "सकाळचं कोवळं घे की!" तो म्हणाला, "कोवळ्यात दम नसतो."

पडला. बाजूला सतरंजीवर शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. थोड्या वेळानं काकू कुरडया उलटायला वर आल्या आणि किंचाळल्याच! केतन लालभडक होऊन पडलेला, हाक मारली तर ओ देईना.

आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाइन लावता लावता नर्सनं विचारलं, "काय करत होता हा उन्हात?"

केतननं एक डोळा उघडला. म्हणाला, "व्हिटॅमिन घेत होतो."

*

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीच आम्हाला दम दिला. "तत्त्वं वगैरे ठीक आहे. पण तुमच्यापैकी रक्त तपासलंय कुणी?"

कुणीच नाही! आणि का नाही, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आजाराची भीती नव्हतीच. भीती होती ती घरचे बरोबर ठरण्याची. एक रिपोर्ट वाईट आला की आई, मावशी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्या एका सुरात म्हणणार, "तरी सांगत होतो!"

मीच सगळ्यांना ओढत लॅबमध्ये नेलं. भानुदास आला नाही. "ड्युटी लागलीय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आले. आम्ही तिघं गच्चीवर फोन पालथे ठेवून बसलो. उघडायची कुणाची हिंमत होईना. शेवटी समीना म्हणाली, "मेरा तू देख. तेरा मैं देखती." फोनची अदलाबदल झाली.

केतनचं बी-ट्वेल्व्ह खूपच खाली. माझं काठावर, तेही गोळ्या घ्यायला लागल्यामुळं. आणि समीनाचं? एकदम उत्तम! समीना, जी गोळीचं नाव काढलं की 'कल से' म्हणायची!

"तू तर काहीच घेत नव्हतीस!"

"अल्ला कसम, नहीं लेती."

ती घरी गेली, अम्मींना रिपोर्ट दाखवला. अम्मी शांतपणे म्हणाल्या, "मेडिकलवाले को बोली मैं, बगैर जानवर की गोली दे. रोज लहसन की चटनी में कूट के डालती मैं. तू समझी चटनी अच्छी बन रही!"

लोकांच्या आया चोरून तूप घालतात. हिची आई चोरून बी-बारा घालत होती!

*

आता हा किस्सा मी सांगते तेव्हा सुरुवातीला सगळे हसतात. आम्हीही हसलो होतो.

रविवार होता. भानुदासला उशीर झाला. करमाडहून मोटरसायकलवर आला, जिना चढून वर आला, "राम राम मंडळी" म्हणाला आणि बसला. समीनानं त्याच्या पायाकडं बघितलं आणि तिला हसू फुटलंच.

"अरे भानुदास! एक चप्पल किधर दान करके आया?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. आम्ही टाळ्या पिटल्या. केतन म्हणाला, "वीगन होता होता आता अनवाणी पण!" भानुदासही हसला. मग त्यानं खाली बघितलं. मग जिन्याकडं बघितलं. मग परत पायाकडं. तळव्याला डांबर लागलं होतं, करंगळीजवळ खरचटून रक्त आलं होतं.

त्याला कळलंच नव्हतं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी मुंग्या यायच्या. कंपनीचे बूट घट्ट असतील म्हटलं." तो हळू बोलायला लागला. "आता मुंग्याबी येत नायत."

"ब्रेक कुठल्या पायानं मारतोस?"

त्यानं उजवा पाय मागं ओढून घेतला. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आणि तो येतो त्या जालना रोडला ट्रक कसे येतात, तेही.

मला इतका राग आला होता! गोळ्यांची बाटली त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "आप्पांना सांगू नका."

*

त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आत जायच्या आधी भानुदासनं समीनाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला वाटलं, धीर मागतोय.

डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"मी अंगठा हलवीन. वर केला की खाली, ते सांगायचं."

अंगठा वर गेला. समीना खोकली. "वर," भानुदास म्हणाला.

अंगठा खाली. समीना दोनदा खोकली. "खाली!"

परत वर. एक खोकला. "वर!"

डॉक्टरीणबाईंनी अंगठा तसाच धरून मान वळवली. "तुला खोकला कधीपासून आहे गं?"

"आ... आज से ही, मॅडम."

"बाहेर! बारावीचं सेंटर वाटलं का तुम्हाला हे? कॉपी करून पास व्हाल, पण नसांना काय सांगाल?"

समीना बाहेर गेली. अंगठा वर गेला. भानुदासच्या कपाळावर घाम आला. "वर," तो म्हणाला. अंगठा खाली गेला. "वर." परत खाली. "वर." त्याच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मॅडम, नापास का?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"उशीर केलास. किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही."

"मग... दूध?"

"आता दुधाची कासंडी तोंडाला लावलीस तरी भागणार नाही. इंजेक्शनं घ्यायची. आणि मोटरसायकल बंद."

ॲम्प्यूल फुटली. सिरिंजमध्ये लालभडक औषध चढलं. भानुदास ताडकन उठून बसला. "रगत हाय का ह्ये?"

"बी-ट्वेल्व्हचा रंगच लाल असतो. जिवाणूंकडून करून घेतात." डॉक्टरीणबाईंनी सुई वर धरली. "त्यांची परवानगी काढलेली नाही. चालेल ना?"

*

शेवटचा किस्सा.

पुढची इंजेक्शनं करमाडलाच घ्यायची ठरली होती. त्यामुळं आप्पांना कळायचं ते कळलंच. पुढच्या तपासणीला ते भानुदाससोबत आले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या बाकावर. पागोटं, धोतर, मांडीवर आडवी काठी, पायात जाड वहाणा. शेजारी डॉक्टरीणबाईंसाठी आणलेली दुधाची किटली. माझ्याकडं रोखून बघत होते.

"तूच का गं ती? एवढ्या घोड्याएवढ्या लेकराचं दूध तोडणारी?"

"आप्पा, तिनं न्हाई. मी सोडलंय," भानुदास म्हणाला.

"तू गप. तुझे पाय गेले, त्वांड न्हाई गेलं!"

आत सगळे गेलो. या वेळी समीनालाही येऊ दिलं, पण तोंडावर रुमाल बांधून. डॉक्टरीणबाईंनी एक धातूचा दोन दांड्यांचा चिमटा काढला. तो तळहातावर आपटला की बारीक गुणगुणत थरथरतो. त्याचं खालचं टोक त्यांनी भानुदासच्या अंगठ्यावर टेकवलं.

"डोळे मिट. थरथर थांबली की सांग."

केतन तर भिंतीकडं तोंड करून उभा होता. खूप वेळ गेला असं वाटलं.

"थांबली," भानुदास म्हणाला.

डॉक्टरीणबाई अंगठ्याखाली धरलेल्या स्वतःच्या बोटाकडं बघत होत्या. "माझ्या बोटालाही आत्ताच थांबली." मग त्या हसल्या. "येतंय रे. सावकाश, पण येतंय."

समीना रुमालातच रडायला लागली. भानुदास नुसता स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"एवढंच व्हय?" आप्पांनी काठी भिंतीला टेकवली. "ह्यात काय अवघड हाय? लावा बरं मला. उभा जन्म दूध प्यालोय."

आप्पांनी वहाण काढून पाय स्टुलावर ठेवला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता. तो आत काळा पडला होता आणि भोवतीची कातडी सुजली होती, तरी आप्पा खुशाल चालत आले होते. डॉक्टरीणबाईंनी तो वाकून बघितला. चिमटा आपटला, आप्पांच्या अंगठ्यावर टेकवला.

"डोळे मिटा आप्पा. थांबलं की सांगा."

आप्पांनी देवासमोर मिटावेत तसे डोळे मिटले. गुणगुण बारीक होत गेली. मग पंख्याचा आवाज तेवढा राहिला. डॉक्टरीणबाईंनी चिमटा उचलला आणि टेबलावर ठेवला. भानुदासनं टेबलाकडं बघितलं, मग आप्पांच्या पायाकडं.

आप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते.

"पोराचं कवाच थांबलं. माझं बघा, अजून चालूच हाय!"