प्लग डोळ्यांसमोर

चौकातलं रिपेरिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ओव्हनताई म्हणत. मायक्रोवेव्ह ओव्हन दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. यंत्र टेबलावर आलं की त्या आधी मालकाचीच खरडपट्टी काढत. "दार असं आपटल्यावर ते नीट बसेल कसं? सांडलेलं तेव्हाच्या तेव्हा पुसायला काय होतं? आणि रिकामा चालवून बघितलात ना? खरं सांगा!" गिऱ्हाईक मुकाट्याने कबूल करायचं. मग शेवटची तंबी ठरलेली. "वरचं झाकण कधीही उघडायचं नाही. प्लग काढला असला तरी नाही. ते काम माझं."

हे कसब त्यांना दिलं सासऱ्यांनी. बाबांची उभी हयात पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करण्यात गेली होती. नव्या सुनेचा सगळा जीव स्क्रूड्रायव्हरमध्ये अडकलाय हे त्यांनी आठवड्याभरात हेरलं आणि सरळ तिच्यासाठी शेजारी स्टूल मांडलं. नियम त्यांचा एकच. यंत्र उघडण्याआधी प्लग काढायचा आणि आपल्याला दिसेल असा टेबलावर ठेवायचा. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी रंगाने लिहूनच ठेवलं होतं, 'प्लग डोळ्यांसमोर'. मायक्रोवेव्हचं काम मात्र ताई नंतर बाहेर जाऊन शिकल्या. तोवर बाबा थकून घरी बसले होते.

तर झालं असं, की घरच्याच ओव्हनमधला दिवा गेला. बाबा दुपारचं दूध स्वतः तापवायचे, काचेतून नजर ठेवायचे आणि वर येताना दिसलं की बंद करायचे. आता आत मिट्ट काळोख. दूध रोज उतू जायचं आणि पुसता पुसता बाबांची कंबर धरायची.

"सूनबाई, तेवढा दिवा बघ गं."

"उद्या नक्की, बाबा."

असे आठ उद्या गेले. साऱ्या गावाचे ओव्हन बरे होत होते, घरचा आपला रांगेत ताटकळत होता.

नवव्या दिवशी दुपारी ताई जेवायला घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. ओव्हनचं झाकण काढलेलं. शेजारी दुधाचा कप, अजून वाफाळता. प्लग टेबलावर, अगदी नियमाप्रमाणे. आणि बाबा चष्मा सावरत स्क्रूड्रायव्हर आत घालत होते.

"बाबा, हात बाहेर!"

पंचवीस वर्षांत त्या सासऱ्यांवर अशा ओरडल्या नव्हत्या. बाबांचा हात थबकला, बाहेर आला. चेहरा रागाने लाल झाला.

"ओरडायला काय झालं? प्लग हा काय समोर! मी काय नवशिका आहे?"

"प्लग बरोबर ठेवलात, बाबा. पण हा मिक्सर नाही. ह्याच्यात कपॅसिटर असतो, तो वीज साठवून ठेवतो. पुष्कळदा ती आपली आपण उतरते, पण भरवसा धरायचा नाही. हात लागला तर माणूस जागच्या जागी जातो."

"काहीतरीच! प्लग काढल्यावर कुठली वीज?"

ताईंनी वाद घातला नाही. पिशवीतून ती वीज उतरवायची खास वायर काढली, बाबांना मागे सरकवलं, चुकून कुठे लागू नये म्हणून एक हात पाठीमागे धरला आणि वायर कपॅसिटरला टेकवली.

फट्! निळी ठिणगी उडाली.

बाबांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. म्हणाले, "म्हणजे माझा नियमच मला..."

"नियम चुकला नाही, बाबा. अपुरा पडला. मी गावभर सगळ्यांना बजावत फिरते आणि घरात तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी." बोलता बोलता ताईंना रडू आवरेना. जेवण तसंच ठेवून त्यांनी आधी दिवा बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत दुकानात हजर. रंग मागितला, ब्रश मागितला आणि भिंतीवरच्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ओव्हन असेल तर सूनबाईला हाक मारा.'

"अहो बाबा, गिऱ्हाइकं वाचतील!"

"वाचू देत." त्यांनी कोपऱ्यातलं जुनं स्टूल ओढलं, सुनेच्या शेजारी मांडलं आणि त्यावर बसले. "हं. आता पहिल्यापासून सांग."