तंबूतला आकडा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवरा होता तेव्हा त्याच्याजवळही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुनंदाला ओळखत नाही.

सुनंदा माझी मैत्रीण. इथे बडोद्यातच, सुभानपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहते. एकाच शाळेत शिकवलं, बरोबरच निवृत्त झालो. डोंगरांचं वेड तिचं — माझं नव्हे. दर रविवारी ती पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन पावागडच्या पायऱ्या चढायची. मी मागून धापा टाकत, आणि खरं सांगायचं तर खाली उतरल्यावरच्या फाफड्याच्या आशेने. हिमालयातल्या शिखराचा तो ट्रेक तिनेच शोधला. मी शेपटासारखी बरोबर गेले. निघताना सोसायटीने हार मात्र दोघींना घातले, आणि शिखरावरून फोटो पाठवते असं मी सगळ्यांना सांगून बसले.

वर जाऊ लागलो तशी सुनंदा खुलत गेली. आणि मी? डोकं ठणकायचं, घास घशाखाली उतरायचा नाही. पण बोलायचं कसं — फोटोचं काय?

आमचा म्होरक्या रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावायचा. आकडा कमी, तर पुढे जायचं नाही. शेवटच्या तळावर वारा असा सुटला की त्याने यंत्र तंबूच्या फटीतून आत दिलं, आकडे ओरडून सांगा म्हणाला. सुनंदाने चष्मा काढून ठेवला होता. तिने बोट पुढे केलं. आकडा उत्तम. मग मी माझ्या बोटाला लावलं, आणि —

सांगते. आता इथवर आलेच आहे.

मी आकडे बदलले. तिचा माझा म्हणून सांगितला, माझा तिचा म्हणून.

सुनंदा रडली नाही. माझे मोजे ओले झाले होते, तर तिने आपले कोरडे काढून दिले. म्हणाली, "तू जा ने. एक तरी वर पोचली म्हणजे बस."

पोचले मी. फोटोही काढला. शिखरावरून काय दिसलं ते विचारू नका, मला आठवत नाही. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी एकटीच बाजूला उभी होते. पाय तेवढे गरम होते, तिच्या मोज्यांत.

खाली आल्यावर सांगता आलं असतं ना? बडोद्याला परतताना गाडीत? तिने पावागड सोडला, तेव्हा? मग संध्याकाळचं फिरणं सोडलं. आपली छाती कच्ची आहे म्हणून दुसऱ्या मजल्यावरचं घर विकून तळमजल्यावर आली. डॉक्टरांनी सगळं ठीक म्हटलं, तर म्हणाली, "इथे ठीकच असणार. वर गेल्यावर खरं कळतं." मी तिच्या शेजारीच बसले होते. पायऱ्या धावत चढणारी बाई माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली, आणि तिला म्हातारी मी केलं.

आता नवरा नाही. मुलगी परदेशात. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकच. ती गेली तर — या भीतीनेही गप्प राहिले. ही सबब नव्हे. आधी फोटोसाठी खोटं बोलले, मग सोबतीसाठी. दोन्ही वेळा माझ्यासाठीच.

गेल्या आठवड्यात सुनंदाने तसलंच यंत्र विकत आणलं. स्वतःच्या बोटाला लावलं, आकडा छान आला. मग माझं बोट धरलं. चष्मा कपाळावर सरकवलेला.

"तुझा किती गं?"

या वेळी मी खरा सांगितला. तिच्याहून कमी.

ती हसली. "तुझा माझ्यापेक्षा कमी? मग मशीनच बगडलंय," म्हणाली, आणि परत करायला म्हणून ते खोक्यात घालून ठेवलं.

मी चहा संपवला, दोघींचे कप विसळून ठेवले आणि घरी आले.