वालावरचं वजन

खांब गावाजवळच्या आमच्या घरी भिजवलेले वाल मोड यायला फडक्यात बांधले, की गाठोड्यावर वजन म्हणून एक काळा गोळा ठेवायचे. असेल मोठ्या कैरीएवढा, पण उचलताना मनगटाला कळायचं. लग्न होऊन मी पेणहून आले तेव्हा, हा कुठला, असं सासूबाईंना सहज विचारलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

त्याही पेणकडच्याच, खाडीकाठी मिठागरावर वाढलेल्या. नवी सून असताना एका संध्याकाळी त्यांना वालाच्या शेतात जळतं काहीतरी आभाळातून पडताना दिसलं. सकाळी उकरून त्यांनी हा गोळा काढला. घरचे सगळे भातशेतीवाले. खाडीची पोर थापा मारते, मिठागरावरचं लोखंड माहेराहून आणून गोष्ट रचते, असं त्यांच्या सासऱ्यांनी आणि दिरांनी ठरवून टाकलं. घरात काही नवं दिसलं की "आभाळातून पडलं काय?" म्हणून टर उडवायचे. माझे सासरे तेव्हा गप्प बसले. पुढेही गप्पच.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. नवरा डोलवीच्या पोलाद कंपनीत, प्रयोगशाळेत. मी म्हटलं, कोपरा घासून त्यावर अ‍ॅसिड लावू, काय ते कळेल. सासूबाईंनी गोळा पदराआड घेतला.

"नको गो. खोटा निघाला तर? एकदा खोटी ठरले, तेवढं पुरे."

मग मी त्यांना समजेल असं सांगितलं. एखादा छोटा ग्रह आतून वितळतो. जड लोखंड त्याच्या पोटात उतरतं, वर दगड राहतो. त्या दगडाच्या पांघरुणाखाली ते इतकं सावकाश निवतं, की एक अंश उतरायला हजारो वर्षं जातात. मिठागरातलं पाणी सावकाश आटलं की खडा मोठा होतो ना, तसे त्या लोखंडातही मोठमोठे स्फटिक वाढतात; अ‍ॅसिड लावलं की त्यांच्या पट्ट्या दिसतात. पुढे टक्कर होऊन ग्रह फुटतो आणि पोटातला एखादा तुकडा भटकत इथवर येतो. भट्टीतल्या लोखंडाला एवढी सवड कुठली!

"मिठाला घाई चालत नाय, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच गोळा कामावर निघालेल्या मुलाच्या डब्याच्या पिशवीत घातला.

माझ्या नवऱ्याला तो जुन्या पुलाचा तुकडा वाटत होता. पण शिफ्ट संपवून आला तो उंबऱ्यातूनच बोलत. घासून अ‍ॅसिड लावलेल्या कोपऱ्यावर तिरक्या पट्ट्या एकमेकींना छेदत गेल्या होत्या, चटईच्या विणीसारख्या.

"आई, असं आमच्या भट्टीत होनारच नाय. तू बोललीस ते खरं."

मी आनंदाने ओरडलेच. सासूबाईंनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंकडे पाहिलं. त्यांचा सासरा, दीर, नवरा, सगळे तिथे. मला एकदम फार वाईट वाटलं.

त्यांनी गोळा पुसला, खोबरेल लावलं आणि घासलेली बाजू भिंतीकडे करून वालाच्या गाठोड्यावर ठेवला.

"बाकीच्यांचं जाऊ दे गो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तरी तवा व्हय म्हनायला हवं होतं."