लक्ष्मक्काशेजारचं स्टूल

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासानं मी थेट गणवेशाच्या कारखान्यात पोचते बघा. नवीनच सुपरवायझर झाले होते. लक्ष्मक्कानं कॉलरी उलट्या लावलेल्या दिसल्या आणि मशीनींच्या खडखडाटात मी लांबूनच ओरडले. सगळ्या बायका बघायला लागल्या. आईच्या वयाची ती. मशीन बंद करून उठली. मला वाटलं, गेली आता काम सोडून! पण ती माझ्याजवळ आली. "पोरी, तू चिडलीस ते सगळ्यांना दिसलं. माझं काय चुकलं, ते मला ऐकूच आलं नाही की गं."

लई लाजले. तिच्याशेजारी स्टूल ओढलं, आणि दोघींनी मिळून कॉलरी उसवल्या.

परवा नात म्हणाली, "आजी, ऑफिसात माझ्या हाताखाली सहाजण दिलेत. कसं बोलू त्यांच्याशी?"

म्हटलं, "आधी स्टूल ओढ."